मेयरबेकचं चालतं बिऱ्हाड

बायकोच्या भावाकडे जेवून जेवून माणूस किती वर्षं तग धरू शकतो, या विषयावर अजून कुणी प्रबंध लिहिलेला नाही. लिहायचा झालाच तर अल्माटीच्या मेयरबेककडे सगळी सामग्री तयार आहे. लग्न झालं तेव्हापासून शाळेतून निवृत्त होईपर्यंत नौरूझ असो, ईद असो, मुलींची लग्नं असोत, सगळे समारंभ पार पडले ते त्याच्या मेहुण्याच्या, ओस्पानच्या, कास्केलेनच्या घरी. कारण अगदी साधं होतं. मेयरबेकचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. तिथे जेवणाचं टेबल उघडलं की दार उघडत नसे, आणि दार उघडायचं तर टेबल मिटावं लागे. पाहुणा आणि जेवण या दोन गोष्टी त्या घरात एका वेळी मावत नसत. ओस्पानकडे मात्र अंगण होतं, सफरचंदाची झाडं होती आणि लग्नाची पंगत सहज बसेल एवढं टेबल होतं.

ओस्पान वाईट माणूस असता तर प्रश्न केव्हाच मिटला असता. वाईट माणसाशी भांडता येतं. हा गडी पोटभर प्रेमळ होता, आणि पोटही तसंच ऐसपैस होतं. मेयरबेक आत शिरला रे शिरला की ओस्पान दोन्ही हात पसरून गरजायचा, "खा, जावईबापू, खा! लाजू नकोस. आपलंच घर समज!"

हे वाक्य मेयरबेकने इतक्या वेळा ऐकलं होतं की घास तोंडात असताना ते कानावर पडलं की घास घशातच अडकायचा. आणि त्या वाक्यापाठोपाठ ताटात यायची ती मेंढ्याची छाती. आमच्याकडे मेंढा कापला की कुठला तुकडा कुणाचा हे ठरलेलं असतं. डोकं मानाच्या वडीलधाऱ्याला, छाती जावयाला. छाती चवीला उत्तम लागते, तक्रार चवीबद्दल नव्हतीच. पण माणसाने साठी ओलांडली, त्याचे स्वतःचे दोन जावई झाले, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तरी ताटात छातीच? माणूस मोठा व्हायचा तरी कधी?

निवृत्तीची मेजवानीसुद्धा अर्थातच ओस्पानकडेच झाली. ओस्पान चहाचा वाडगा हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या जावईबापूंनी आयुष्यभर पोरांना घरांचे नकाशे काढायला शिकवलं. स्वतःचं घर बांधायचं तेवढं राहून गेलं. पण बिघडलं कुठे? हे घर आहेच की!"

सगळे हसले. मेयरबेकची बायको बिबिगुलसुद्धा हसली, आणि हसताना नवऱ्याकडे बघून चपापली. मेयरबेक उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"या उन्हाळ्यात मी माझं स्वतःचं घर घेऊन कार्काराच्या कुरणापर्यंत जाणार," तो म्हणाला. "चाकांवरचं घर. जाता-येता कुणाच्याही छपराखाली बसून एक घास खाणार नाही. कुणाचा मिंधा होणार नाही."

आमच्या माणसांत हे वाक्य म्हणजे मी यापुढे श्वास घेणार नाही म्हणण्यासारखंच.

"आणि खाल्लास तर?" ओस्पानने विचारलं.

"तर जन्मभर इथे येऊन छाती खाईन, आणि वर 'वा वा' म्हणेन. पण नाही खाल्ला, तर तुम्ही माझ्या घरी यायचं, ओस्पान-आगा. माझ्या दस्तरखानावर. पाहुणा म्हणून."

"वेड्या, तू कधी बोलावलंस आणि मी आलो नाही?" ओस्पान म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मेयरबेकला नेमकं हेच लागलं, कारण खरोखरच त्याने कधी बोलावलं नव्हतं. बोलावून बसवणार कुठे?

तर ते घर तयार झालं ते असं. शहरात प्रवासी वाहून वाहून थकलेली एक मिनीबस मेयरबेकने मिळवली आणि इमारतीच्या अंगणात उभी केली. नकाशा, उंचीचं चित्र, काटछेद असं सगळं रीतसर काढून त्याने कामाला हात घातला, आणि त्या घटकेपासून अख्ख्या इमारतीला सुतारकाम यायला लागलं. तळमजल्यावरचे निवृत्त वैमानिक म्हणाले, वजन पुढे ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, मागे ठेवा, पुढे नवरा असतो. चिमणी कुठून काढावी यावर दोन शेजाऱ्यांत अबोला झाला, तो अजून आहे. मेयरबेक सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि आपल्या नकाशाप्रमाणे करायचा. नकाशात चूक एकच निघाली. मागच्या बाकड्याखाली त्याने मोठ्या हौसेने संडासाची पेटी बसवली.

बिबिगुल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, दारासमोरची जागा म्हणजे घराचा तोर. मानाचा पाहुणा बसणार तिथे. आणि त्याच्या बुडाखाली हे?"

"पाहुणे येणार नाहीत, म्हणून तर हे घर बांधतोय!"

"घर आहे ना? मग येतील," ती म्हणाली, आणि त्या कोऱ्या पेटीत तिने वाळवलेल्या दह्याचे खडे भरून टाकले. त्यानंतर ती पेटी दुसऱ्या कशालाही वापरली गेली नाही.

पुढे घोडं अडलं ते गाडीच्या नोंदणीवर. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "ही बस आहे की घर?" मेयरबेक अभिमानाने म्हणाला, घर. "मग घरांच्या कचेरीत जा." तिथले म्हणाले, चाकं असतील तर ते घर नव्हे. पुन्हा पहिल्या खिडकीशी आल्यावर गृहस्थांनी आत डोकावून विचारलं, ही चूल आहे का? चूल असेल तर अग्निशमनवाल्यांना विचारा. अग्निशमनवाले म्हणाले, हलणारी आग आमच्याकडे येत नाही. शेवटी खिडकीतल्या गृहस्थांना मेयरबेकची दया आली. त्यांच्या यादीत चूल आणि फडताळं असलेली गाडी एकाच प्रकारची होती, आणि मेयरबेकची घरगाडी सरकारदरबारी 'फिरतं ग्रंथालय' म्हणून दाखल झाली.

निघायच्या दिवशी ओस्पान निरोपाला आला. त्याने गाडीत डोकावून डाळी, कांदे, शेवया आणि डब्यातल्या मांसाची चळत पाहिली. "एवढं? तुम्ही कुरणावर चाललाय की वेढ्यात बसायला?"

"स्वावलंबन म्हणतात याला," मेयरबेक म्हणाला आणि गाडी सुरू केली. ती चौथ्या प्रयत्नाला सुरू झाली, आणि तेवढा वेळ सगळ्यांना हात हलवत उभं राहावं लागलं.

शहर संपेपर्यंत एक भानगड झालीच. काचेवरचा जुना बसचा नंबर खरवडून निघाला नव्हता. बाजाराजवळ सिग्नलला थांबल्याबरोबर एक आजीबाई सरकतं दार उघडून आत आल्या, पलंगावर बसल्या आणि तालगारच्या फाट्याला सोडा म्हणाल्या. मेयरबेकने समजावून सांगितलं की हे घर आहे. "मग चहा टाका," आजी म्हणाल्या. उतरताना त्यांनी सफरचंदांची पिशवी पलंगावर ठेवली. घरात रिकाम्या हाताने येत नाहीत एवढं त्यांना कळत होतं. मेयरबेकने ती परत द्यायला दार उघडलं तोवर आजी गर्दीत नाहीशा झाल्या होत्या. "मोजायचं का हे?" बिबिगुलने सफरचंद चावत विचारलं.

पहिला मुक्काम केगेनच्या अलीकडे, एका ओढ्याकाठी. वर टेकाडावर दहा-पंधरा घरांचं गाव. मेयरबेकने दारावरचा कापडी मांडव ताणून बांधला, चूल पेटवली, चिमणीतून धूर सुटला. तो खुर्ची टाकून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या अंगणाकडे बघू लागला. अंगणात काठी टेकत एक म्हातारी उभी होती. बातिमा-आपा तिचं नाव.

"कुठून आलात रे राहायला?"

"राहायला नाही, आपा. रात्रीपुरते थांबलोय. सकाळी निघणार."

"चिमणीतून धूर निघाला ना? मग राहायला आलात." तिने विषय संपवला. "उद्या दुपारी माझ्याकडे येरुलिक. दोघंही या."

मेयरबेक खुर्चीतून उठला. येरुलिक त्याने आजीच्या गोष्टींत ऐकलं होतं. जवळपास कुणी येऊन नवं बिऱ्हाड थाटलं की आधीपासून राहणाऱ्यांनी त्यांना पहिलं जेवण घालायचं, त्यांची चूल स्थिर होईपर्यंत. त्याच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की जुने शेजारी फक्त भिंतीला भोकं पाडायच्या आवाजाची तक्रार करायला जात. हॉटेलात उतरला असता, तंबूत झोपला असता, तर तो नुसता वाटसरू ठरला असता. पण त्याने चूल आणि चिमणी बसवून स्वतःच्या हाताने स्वतःला शेजारी करून ठेवलं होतं!

त्याने घसा साफ करून आपली शपथ सांगितली. बातिमा-आपाने सगळं ऐकून घेतलं आणि बिबिगुलला विचारलं, "हा असाच आहे का पहिल्यापासून?"

"नाही, आपा. निवृत्त झाल्यापासून."

"माझ्या छपराखाली नाही येणार?"

"नाही येऊ शकत, आपा. शब्द दिलाय."

"बरं. तुझं छप्पर आहेच की," म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत गेली.

सकाळी पळून जायचा मेयरबेकचा बेत होता. पण उजाडलं तेव्हा घरगाडीसमोर दोन घोडे बांधलेले होते आणि घोड्यांचा मालक कुठे आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. दुपारी तो प्रकट झाला, खांद्यावर पोळी-मांसाच्या बेशबारमाकचं पातेलं घेऊन. त्याच्यामागे अख्खं गाव. म्हातारे आत तोरावर बसले, दह्याच्या खड्यांवर. बाकीचे मांडवाखाली. जागा पुरेना म्हणून मेयरबेक दाराशी उकिडवा बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की घरमालक बसतो ती हीच जागा. कुणीतरी त्याला विचारलं, "वाढू का?" वाढायला त्याची परवानगी लागत होती! त्याने मान हलवली. मांस त्यांचं, पातेलं त्यांचं, पण मान हलवायचा मान त्याचा.

ओस्पानचा फोन नेमका तेव्हाच आला. "काय जेवलास?"

"घरीच जेवलो. बेशबारमाक."

"आणि मागे एवढा कल्ला कसला?"

"शेजारी," मेयरबेक म्हणाला, आणि हा शब्द उच्चारताना त्याला बरं वाटलं हे त्याने कुणालाच कळू दिलं नाही. निघताना गावाने पिठाचं पोतं, मेंढ्याच्या जठरात भरलेलं लोणी आणि कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, मोठा कॅन गाडीत चढवला. गाडी कण्हली.

दुसऱ्या मुक्कामाला त्याने शास्त्रशुद्ध खबरदारी घेतली. धूर हेच जर पाप असेल तर धूर नाही. टेकडीआड गाडी लावली, मांडव बांधला नाही, पडदे ओढले आणि दोघं थंडगार डब्यातले मासे खात बसले.

थोड्या वेळाने टापांचा आवाज आला आणि दारावर थापा पडल्या. तोख्तार नावाचा एक धिप्पाड मेंढपाळ घामाघूम उभा होता. "कोण आजारी आहे?" त्याने धापा टाकत विचारलं. "टेकडीवरून बघतोय, संध्याकाळ झाली तरी घराची चूल पेटेना. म्हटलं, आत कुणी आडवं पडलंय की काय!"

"कुणी नाही! मी ठणठणीत आहे!" मेयरबेक ओरडला.

तोख्तारने त्याच्या लाल कानांकडे पाहिलं, मग अंधारात ठेवलेल्या थंड माशांकडे पाहिलं. "ताप डोक्यात गेलाय," तो बिबिगुलला हळूच म्हणाला. बिबिगुलने नाही म्हणायला तोंड उघडलं, माशांकडे एक नजर टाकली आणि तोंड मिटून घेतलं.

घटकाभरात तोख्तारची आई, बहीण आणि वाफाळत्या रश्शाचं भांडं हजर झालं. मेयरबेकला त्याच्याच पलंगावर झोपवलं, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं आणि चरबीचा रस्सा चमच्याने पाजला. तो जितका विरोध करी तितका त्याचा ताप सगळ्यांना स्पष्ट दिसे. बिबिगुल सेवा करण्याच्या निमित्ताने तिसरा वाडगा संपवत होती. शपथ मात्र शाबूत राहिली, कारण छप्पर त्याचं होतं.

खरा घोटाळा सकाळी झाला. तोख्तारला त्यांच्यासाठी मेंढा कापायचा होता, पण आजाऱ्याला मांस जड. मग काय करायचं? त्याने धडधाकट जिवंत मेंढा उचलला आणि सरकतं दार उघडून आत ठेवला. "बरा झालास की काप, आगा. देणं राहिलं असं नको."

मेंढ्याने घर पाहिलं आणि पसंत केलं. तो सरळ तोराकडे गेला आणि तिथे बसला.

कार्काराच्या रस्त्यावर वाहतूक पोलिसाने हात केला. त्याने कागद पाहिले, गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिले. "फिरतं ग्रंथालय," त्याने वाचलं. "पुस्तकं कुठे आहेत?"

बिबिगुलने एक पाककृतींचं आणि एक भूमितीय रेखनाचं, अशी ग्रंथसंपदा पुढे केली. तेवढ्यात खिडकीचा पडदा बाजूला झाला आणि मेंढ्याने बाहेर मान काढली.

"हे कोण?"

"वाचक," बिबिगुल म्हणाली.

पोलिसाने तोंड वळवलं. खांदे हलले, ते थांबेपर्यंत त्याने रस्त्याकडेच बघितलं. मग म्हणाला, "खरं सांगा, काका. हे घर आहे ना?"

"घर आहे," मेयरबेक म्हणाला. हे कबूल केल्यावर काय होईल याची त्याला कल्पना नव्हती.

"मग आधी सांगायचं नाही का? नव्या घरी पाहुण्याला दारात उभं करतात?" टोपी काढून तो आत आला, मेंढ्याला सरकवून बसला, दोन वाडगे चहा प्यायला, नव्या वास्तूला आशीर्वाद दिला आणि रेखनाचं पुस्तक मुलीच्या अभ्यासासाठी मागून घेतलं. ग्रंथालयाचा तो पहिला आणि शेवटचा सदस्य. जाताना त्याने आपल्या गाडीतून जर्दाळूंची बादली आणून ठेवली.

ती बादलीच शेवटची ठरली. कार्काराचं कुरण डोळ्यांसमोर पसरलं, हिरवंगार, मधून ओढा, आणि त्याच क्षणी मागून 'खाड' असा आवाज आला. मागच्या चाकाच्या कमानीचा पाटा तुटला होता. पीठ, लोणी, कुमिस, सफरचंदं, जर्दाळू आणि वाचक, एवढ्या पाहुणचाराचं वजन म्हाताऱ्या मिनीबसला पेललं नाही. घर एका कुशीवर कललं.

मेयरबेक गवतावर बसून राहिला. मेकॅनिक दूर, पाटा त्याहून दूर. बिबिगुलने न विचारता भावाला फोन लावला, आणि ओस्पानचा आनंदी आवाज कुरणभर ऐकू गेला. "हलू नका! पाटा घेऊन येतो. येताना पातेलंभर मांस शिजवूनच आणतो. आणि जावईबापू, आता ते शपथ-बिपथ विसर. जे घर ओढून न्यावं लागतं ते घर कसलं? गाडी बांधायची माझ्या जीपला आणि थेट कास्केलेन. छाती ठेवलीय तुझ्यासाठी!"

फोन बंद झाला. मेयरबेकला रडू येत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. सबंध आयुष्यात त्याने एकच गोष्ट मागितली होती, की एकदा, फक्त एकदा, ओस्पानने आपल्या दारात यावं आणि आपण त्याला आत बोलवावं. ओस्पान आता दारात येणारही होता, पण घर उचलून न्यायला.

सकाळी ट्रकच्या आवाजाने त्याला जाग आली. ओढ्यापलीकडे सामानाने लादलेला ट्रक थांबला होता. एक तरुण जोडपं, येलामान आणि कुनसुलू, यंदा उशिरा कुरणावर आलं होतं. बघता बघता लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू उभा राहिला. मेयरबेक रिकाम्या नजरेने बघत होता.

"अहो," बिबिगुल म्हणाली.

"हं."

"ते आज आलेत."

"दिसतंय."

"आपण काल आलोय."

मेयरबेकने मान वळवली. बिबिगुल शांतपणे कांदा सोलत होती. "आपल्या चुलीचा धूर आधीचा. म्हणजे जुने शेजारी कोण?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्यानंतर आलं होतं. तो ताडकन उठला. टोपी नीट केली, कोट झटकला, ओढा ओलांडताना एक बूट भिजवला आणि तंबूच्या दाराशी उभा राहून खाकरला.

"दुपारी आमच्याकडे येरुलिक," तो म्हणाला. "दोघंही या."

येलामानने ओढ्यापलीकडे पाहिलं. तिथे एका कुशीवर कललेली जुनी मिनीबस होती, काचेवर बसचा नंबर होता, खिडकीत मेंढा होता. मेयरबेक त्याच्या हसण्याची वाट बघत राहिला. येलामानने छातीवर हात ठेवला. "येऊ, आगा. तुमच्या घराला बरकत असो."

परतताना मेयरबेकने दुसराही बूट भिजवला, कारण त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

मग धांदल उडाली. मेयरबेकने तारुण्यानंतर मेंढा कापला नव्हता, पण हाताला आठवत होतं, आणि सांधा कुठे सुटतो हे काटछेद शिकवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. मेंढ्याला 'वाचक' म्हणून बिबिगुलने आदल्या दिवशी थट्टा केली होती, आज तिने तो शब्द काढला नाही. बातिमा-आपाच्या पिठाची पोळी लाटली गेली, तिच्याच लोण्याने पातेलं चमकलं. कुमिसचा कॅन उघडला, जर्दाळू मांडले, आजीबाईंची सफरचंदं पुसली. स्वावलंबनाच्या डब्यांपैकी एकही डबा उघडावा लागला नाही.

पाहुणे आत बसत होते तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला. ओस्पान उतरला, एका हातात पाटा, दुसऱ्या हातात झाकलेलं पातेलं. "चला, जावईबापू, आवरा!"

मेयरबेक दारात उभा होता. "आगा, तुम्ही इथे कधी आलात?"

"आता. दिसत नाही?"

"म्हणजे तुम्हीही नवेच. आज येरुलिक आहे. बसा."

"अरे, मी काय पाहुणा आहे? मी मेहुणा! पाटा बसवू आणि निघू..."

आतून येलामान अदबीने उठून उभा राहिला. "आगा, तुम्ही सगळ्यांत वडील. तुम्ही बसल्याशिवाय आम्ही हात कसा लावणार?"

ओस्पानने येलामानकडे पाहिलं, कुनसुलूकडे पाहिलं, आपल्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. अख्ख्या आयुष्यात त्याने कुणाच्या दस्तरखानाला पाठ फिरवली नव्हती. त्याने पातेलं जीपच्या टपावर ठेवलं आणि आत चढला. त्याच्या वजनाने घरगाडी दुसऱ्या कुशीला झुकली आणि, सांगायला आनंद वाटतो, अगदी सरळ झाली. ऐसपैस तोरावर तो बसला. बाकड्याने जरा कुरकुर केली. "खाली काय आहे रे?"

"दह्याचे खडे," बिबिगुल घाईने म्हणाली. बांधताना काय होतं ते त्याने विचारलं नाही, आणि मेयरबेक ते मरेपर्यंत सांगणार नव्हता.

टेबल उघडलं होतं आणि दारही उघडं होतं. दार सरकतं होतं ना! पाहुणे होते, जेवण होतं, आणि दोन्ही एका वेळी मावलं होतं. मेयरबेकने मोठं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मेंढ्याचं डोकं, तोंड पाहुण्याकडे करून, ओस्पानसमोर ठेवलं.

डोकं ज्याच्यापुढे येतं त्याने आशीर्वाद द्यायचा, ही रीत. ओस्पानने तळहात उघडले. "या..." तो म्हणाला आणि थांबला. 'गाडी' हा शब्द त्याच्या ओठांवर अडला होता. त्याने धुराने काळवंडलेली चिमणी पाहिली, लोण्याचं भांडं पाहिलं, दारातून ओढ्यापलीकडचा तंबू पाहिला, दाराशी मांडी घालून बसलेला मेयरबेक पाहिला.

"या घराची चूल कधी विझू नये," ओस्पान म्हणाला. "या घराला रोज पाहुणा यावा. आणि या घराच्या मालकाला उदंड आयुष्य लाभावं."

सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. मेयरबेकला जरा जास्त वेळ लागला. मग त्याने सुरी पुढे केली आणि म्हणाला, "खा, आगा, खा. लाजू नका. आपलंच घर समजा."

ओस्पानचा हात हवेतच राहिला. मग त्याला आपलंच वाक्य ओळखू आलं.

"इतकं टोचायचं का रे ते?"

"घास अडकायचा, आगा."

"मग बोलायचं होतंस!"

"तोंडात छाती असायची."

ओस्पान हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले, डोक्याचा कान कापून रीतीप्रमाणे कुनसुलूला दिला, कारण तीच वयाने लहान होती, आणि जेवायला लागला. खरोखर भूक लागल्यासारखा जेवला. पोळीची तारीफ केली, कुमिस दोनदा मागितला. ताटातलं मांस वाटता वाटता त्याच्या हाताला छातीचा तुकडा लागला. सवयीने तो उचलून त्याने दाराकडे, मेयरबेककडे पाहिलं, आणि हात अर्ध्यावर थांबवला.

"ही कुणाला द्यायची मग?"

"तुम्हाला आवडेल त्याला द्या," मेयरबेक म्हणाला. "या घरात जावई कुणी नाही."

ओस्पानने मान डोलावली आणि छाती येलामानच्या ताटात ठेवली. त्या बिचाऱ्याला कळलं नाही की सगळे एकदम का हसले. मेयरबेकने दाराजवळच्या आपल्या जागेवरून मानेचा एक साधा तुकडा उचलला. तो कुठेही न अडकता खाली उतरला.